मुलाची शाळा आणि आईची पदवी

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका छत्तीस वर्षांच्या असून पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी राहतात. बी.एस्सी., बी.एड. झाल्यावर गेली अकरा वर्षे त्या एका खासगी मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत आहेत. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा त्याच शाळेत चौथीत शिकतो. दुसरीपर्यंत बडबडा असलेला हा मुलगा आता वर्गात तोंड उघडत नाही, वहीत लिहिताना खोडरबराने इतके घासतो की कागद फाटतो, आणि सहामाहीत त्याला गणितात पन्नासपैकी अकरा गुण मिळाले. महिन्याच्या पहिल्या तारखेला दुधाचा हिशोब मात्र आजी त्यालाच करायला सांगते, आणि तो कधी चुकत नाही. जूनपासून त्याला शाळेतून काढून घरीच शिकवावे, त्यासाठी नोकरी सोडावी आणि घरी आहोतच तर त्याच दोन वर्षांत विशेष शिक्षणातील एम.एड. पूर्ण करावे, म्हणजे मुलाला शास्त्रशुद्ध शिकवता येईल आणि पुढे चांगली नोकरीही मिळेल, असा त्यांचा बेत आहे. यजमान बँकेत आहेत. त्यांचा विरोध नाही, पण ते धास्तावले आहेत. सासूबाई मात्र म्हणतात, "शिकलेल्या आईचा मुलगा अडाणी राहील." पत्रासोबत त्यांनी घरच्या शाळेचे वेळापत्रकही पाठवले आहे. त्यांचा प्रश्न असा, की हा बेत योग्य आहे का, आणि असल्यास कोणती पदवी निवडावी?

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्यांदा शिक्षिका म्हणून वाचले, कारण मीही आयुष्याची बरीच वर्षे खडूच्या धुळीत काढली आहेत. दुसऱ्यांदा आई म्हणून वाचले. तिसऱ्यांदा तुमच्या मुलाच्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला, आणि तेव्हा लक्षात आले की एवढ्या सविस्तर पत्रात त्याचे स्वतःचे असे एकच वाक्य आहे. ते दुधाच्या हिशोबाचे. रोज दीड लिटर दूध, तीन दिवस खाडा, दोन दिवस पाहुणे आले म्हणून अर्धा-अर्धा लिटर जास्त, महिना तीस दिवसांचा आणि भाव साठ रुपये लिटर. आजीने विचारल्यावर कॅलेंडरवरच्या खुणांवरून बोट फिरवत तो म्हणाला, "चाळीस लिटरचे चोवीसशे, वरच्या दीड लिटरचे नव्वद. अडीच हजाराला दहा कमी."

तुम्ही हा प्रसंग कौतुकाने लिहिला आहे आणि लगेच पुढे गेला आहात. मी तिथे थांबले. सत्तावीस दिवसांचे साडेचाळीस लिटर, त्यात वाढीव एक लिटर, मग साडेएकेचाळीसचे सोयीस्कर दोन तुकडे करून गुणाकार, आणि शेवटी उत्तर अडीच हजाराशी ताडून पाहणे, हे सगळे जो मुलगा मनातल्या मनात करतो, त्याला सहामाहीत पन्नासपैकी अकरा गुण का मिळावेत? त्याला गणित येत नाही हे याचे उत्तर असूच शकत नाही. त्याचे गणित डोक्यातून कागदावर येताना कुठेतरी अडते आहे. ते कुठे अडते हे कळण्याआधी शाळा बदलणे, शाळा सोडणे किंवा पदवीसाठी अर्ज भरणे, यांतले काहीही करू नये, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी बोलण्यात आणि तोंडी हिशोबात तरतरीत असलेला मुलगा लिहिण्यापाशी अडखळतो, पुन्हा पुन्हा खोडतो आणि हळूहळू गप्प होत जातो, तेव्हा त्यामागे अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचताना, लिहिताना किंवा गणित मांडताना येणारा अडथळा, असू शकते. असेलच असे मी म्हणत नाही, पत्रावरून ते कुणीही ठरवू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचे नीट न दिसणारी कितीतरी मुले वर्षानुवर्षे 'लक्ष देत नाही' या शेऱ्याखाली बसलेली असतात. त्यानंतर जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी कुठे होते, याची चौकशी करा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि आपल्या राज्यात अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती पूर्वीपासून मिळत आल्या आहेत. तपासणीत काहीच निघाले नाही, तरी त्या दोन-तीन भेटींत तुमच्या मुलाबद्दल जे कळेल, ते कोणत्याही पदवीच्या दोन वर्षांत कळणार नाही. ही तपासणी तुम्ही स्वतः करू नका. तुम्हाला बी.एड.च्या चाचण्या ठाऊक असतील, पण तुमच्या हातात कागद दिसला की तो मुलगा आणखी आक्रसेल.

आता एक अवघड गोष्ट विचारते. ज्या शाळेत आई शिकवते त्याच शाळेत शिकणे म्हणजे काय, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? अशा मुलाला घर आणि शाळा यांच्यामध्ये उंबरा नसतो. बाकीच्या मुलाने गृहपाठ केला नाही तर ती गोष्ट वर्गात राहते; शिक्षिकेच्या मुलाने केला नाही तर मधल्या सुट्टीत ती शिक्षक-खोलीत पोहोचते आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात. तुम्हीच लिहिले आहे की त्याच्या वर्गशिक्षिका रोज चहाच्या वेळी तुम्हाला त्याची वही दाखवतात. सहकारी म्हणून त्या ते आपुलकीने करत असतील, पण मुलाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होतो, की चूक करायला त्याला दिवसभरात कुठेही जागा उरलेली नाही. मुलेही त्याला नावाने ओळखत नाहीत, तो 'बाईंचा मुलगा' असतो. मी अध्यापक विद्यालयात शिकवत असताना अशी मुले जवळून पाहिली आहेत, आणि माझी स्वतःची मुलगी तीन वर्षे अशीच एका शाळेत होती. तिने मोठेपणी मला सांगितले की त्या तीन वर्षांत तिने एकदाही वर्गात शंका विचारली नाही, कारण शंका विचारली तर आईचे नाव खाली जाईल असे तिला वाटायचे. हे ऐकताना मला काय वाटले ते इथे लिहीत नाही, पण तुमचे पत्र वाचताना तेच आठवत होते.

तुमचा मुलगा शाळेपासून दूर जाऊ पाहतो आहे की 'बाईंचा मुलगा' असण्यापासून, हे तुम्ही तपासायला हवे. कारण दुसरे खरे असेल, तर घरी शिकवल्याने तो शाळेतून सुटेल, पण बाईंच्या हाताखालून सुटणार नाही. तुम्ही पाठवलेले वेळापत्रक पाहून ही भीती मला अधिक वाटते. सकाळी आठ ते एक, चाळीस मिनिटांच्या तासिका, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी, शनिवारी चाचणी. ताई, ही शाळाच आहे, फक्त तिच्यात मित्र नाहीत आणि शेवटच्या बाकावर लपायची सोय नाही. घरी शिकणाऱ्या मुलांचे जे पालक मला भेटले, त्यांपैकी बहुतेकांनी सुरुवातीला असेच वेळापत्रक केले होते आणि साधारण दिवाळीपर्यंत ते गुंडाळून ठेवले होते. एकाच मुलाला समोर घेऊन बसलात, तर नऊ वर्षांच्या मुलासाठी दोन-अडीच तासांचे बैठे काम पुष्कळ होते. उरलेल्या दिवसाचे काय करायचे, हाच घरच्या शिक्षणातला खरा प्रश्न असतो, आणि तुमच्या वेळापत्रकात त्या जागी 'दोन ते पाच: माझा अभ्यास' असे लिहिले आहे. त्या तीन तासांत तो कुठे असेल, कुणाबरोबर असेल?

घरी शिकणे आपल्याकडे परके आहे असे मात्र मी मानत नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, आणि लक्ष्मीबाईंना शिकवले होते त्यांच्या पतीने, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, गावाचा रोष पत्करून. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांना घरीच अक्षरओळख करून दिली. शाळेने मुलाकडे जावे हा विचारही मराठी मुलखातलाच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. पण या कुरणशाळेतली एक गोष्ट आपण विसरतो. त्या मुलांना भिंती नव्हत्या, घंटा नव्हती, तरी सोबत होती. ती एकमेकांचे पाहून, एकमेकांशी भांडून शिकत होती. घरी शिकवायचे ठरवलेत तर खरी मेहनत ही सोबत जमवण्यात जाईल, धडे घेण्यात नव्हे. तालुक्याच्या गावात घरी शिकणारी दुसरी मुले सापडणे कठीण असते. त्यामुळे संध्याकाळची तालीम, खो-खोचा संघ, तबल्याचा वर्ग, वाचनालयातली मुले, मामाच्या गावची सुट्टी, यांतले तुमच्या हाताशी काय आहे आणि तिथे तो आपणहून जातो का, हे आधी पाहा.

कायद्याची धास्ती यजमानांना वाटते आहे, म्हणून तेवढे स्पष्ट करते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम १० नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानले आहे. ते न पाळणाऱ्या पालकाला मात्र कायद्यात कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिक्षण हा शब्द या कायद्यात आला तो २०१२ च्या दुरुस्तीने, आणि तोही बहुविकलांग व तीव्र दिव्यांग मुलांना घरून शिकण्याचा पर्याय देण्यासाठी. बाकीच्या मुलांबाबत कायद्याने या मार्गाला स्पष्ट मान्यताही दिलेली नाही आणि मनाई करणारी शिक्षाही ठेवलेली नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पोलीस दारात येणार नाहीत, पण मुलाच्या शिक्षणाची कागदोपत्री नोंद ठेवण्याची सगळी जबाबदारी तुमच्यावर येईल.

परतीची वाट मात्र कायद्यानेच मोकळी ठेवली आहे. कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश मिळतो. म्हणजे वर्ष-दीड वर्ष घरी राहून तो पुन्हा शाळेत जाऊ म्हणाला, तर त्याला पुन्हा चौथीत बसावे लागणार नाही. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि आतापर्यंतची प्रगतिपुस्तके यांच्या दोन-दोन प्रती जपून ठेवा. पुढच्या परीक्षांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष मानले जातात, आणि चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर माध्यमिक म्हणजे दहावीच्या परीक्षेला बसता येते. तिथे एका दमात सगळे विषय द्यावे लागत नाहीत. नोंदणी पाच वर्षे चालते. आपल्या राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला बाहेरून बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहेच.

या बाबतीत गोड बोलून मी तुमची दिशाभूल करणार नाही. २०१६ साली मुंबईच्या एका मुलीची बातमी सगळ्यांनी वाचली होती. तिने सातवीच्या सुमारास शाळा सोडली, घरी शिकली, आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाडमध्ये पदके मिळवली आणि अमेरिकेतल्या एमआयटीत तिला प्रवेश मिळाला. ती बातमी घरी शिकवू पाहणारे पालक अजूनही एकमेकांना पाठवतात. पण त्याच बातमीत हेही होते, की बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्या आयआयटीचे दार तिला बंद होते. असामान्य मुलांच्या गोष्टींवर घरचे निर्णय घेऊ नयेत. तुमच्या मुलाला दहावीचा आणि बारावीचा कागद लागेल असे धरूनच पुढचा विचार करा.

आता तुमच्या पदवीकडे येते, आणि इथे तुमच्या पत्रातले एक गृहीतक मला सर्वांत जास्त टोचले. तुम्ही लिहिता, "एम.एड. केले की त्याला शास्त्रशुद्ध शिकवता येईल." अकरा वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या बाईला स्वतःच्या मुलाला गुणाकार शिकवण्यासाठी आणखी एका पदवीची गरज का वाटावी? मला वाटते, ती पदवी मुलासाठी नसून सासूबाईंसाठी आहे, शेजाऱ्यांसाठी आहे, शाळा सोडताना मुख्याध्यापकांना द्यायच्या उत्तरासाठी आहे. ही गरज मी कमी लेखत नाही. आपल्या समाजात बाईने घेतलेल्या निर्णयाला कागदाचा आधार लागतो, हे मी अनुभवले आहे. पण पदव्युत्तर शिक्षण हे शिक्षकांना घडवण्यासाठी, शिक्षणव्यवस्था समजून घेण्यासाठी, इतरांच्या मुलांसोबत काम करण्यासाठी असते. स्वतःच्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून तुम्ही त्या वर्गात बसलात, तर प्रत्येक सिद्धान्त त्याच्यावर लावून पाहाल आणि तो घरात मुलगा न राहता प्रबंधाचा विषय होईल.

विशेष शिक्षणातील एम.एड. तुम्हाला जूनमध्ये सुरू करता येईल असेही तुम्ही धरून चालला आहात. तसे होणार नाही. या क्षेत्रातले अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने चालतात, आणि या एम.एड.साठी विशेष शिक्षणातील बी.एड. किंवा साध्या बी.एड.च्या जोडीला परिषदेची मान्यता असलेली विशेष शिक्षणाची पदविका लागते. विशेष शिक्षक म्हणून काम करायचे, तर त्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असणे १९९२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय या शिक्षणाचा गाभा प्रात्यक्षिकांत असतो. वेगवेगळ्या मुलांसोबत तासन्‌तास बसणे, प्रत्येकासाठी वैयक्तिक आराखडा करणे, महिन्याने तो चुकला हे मान्य करून दुसरा करणे, हे घरी बसून दुपारी दोन ते पाच या वेळेत होत नाही. मुलाच्या निमित्ताने का होईना, पण या मुलांसाठीच पुढची वीस वर्षे काम करावे असे तुम्हाला आतून वाटत असेल, तर हा मार्ग फार मोलाचा आहे. तालुक्याच्या गावांना अशा शिक्षकांची किती निकड आहे हे मी वेगळे सांगायला नको. मुंबईत वाचा व श्रवण दिव्यांगांसाठीची वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, एसएनडीटी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग आहे. तिथे चौकशी करून पायरी-पायरीने चढा, आणि त्याला तीन-चार वर्षे लागतील असे धरा.

साधे एम.एड. तुम्हाला लगेच करता येईल, त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. २०१५ साली तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, आणि त्याला रोजची हजेरी लागते. अलीकडे शिक्षक-शिक्षणाचे नियम पुन्हा बदलत आहेत, तेव्हा अर्ज भराल त्या वर्षाचीच माहितीपुस्तिका वाचा, मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी काय केले ते प्रमाण मानू नका. बी.एड. महाविद्यालयात शिकवायचे म्हणून एम.एड. करत असाल, तर एक गोष्ट आधीच पाहा. गणित किंवा विज्ञानाची अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या प्राध्यापकाकडे एम.एड.बरोबरच त्या विषयातली पदव्युत्तर पदवीही मागतात. तुमची बी.एस्सी. आहे, एम.एस्सी. नाही. दोन वर्षे खर्चून एम.एड. करावे आणि मुलाखतीच्या दिवशी विषयातली पदवी नाही म्हणून परत यावे, हे मी माझ्या काही विद्यार्थिनींच्या बाबतीत पाहिले आहे, आणि त्यांना कुणी आधी सांगितले नव्हते याचे मला आजही वाईट वाटते.

तुमच्या पत्राचा दुसरा अर्धा भाग वाचताना मात्र मला एक वेगळीच बाई दिसली. तिथे तुम्ही पाचवीच्या मुलांना अपूर्णांकांची बेरीज का जमत नाही याबद्दल दीड पान लिहिले आहे. दर वर्षी तीच चूक होते, मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात, आणि भाकरीचे तुकडे केले तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करतात, हे तुम्ही ज्या जिव्हाळ्याने लिहिले आहे, तो तुमचा खरा प्रश्न आहे. पदवी अशा प्रश्नाच्या मागे जाऊन निवडावी. मुले असे का विचार करतात, हे शोधायचे असेल तर शिक्षणशास्त्रातील एम.ए. तुम्हाला अधिक मानवेल. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे शिक्षणशास्त्रातील एम.ए. दूरस्थ पद्धतीने, नोकरी सांभाळून करता येते. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात हाच अभ्यास दोन वर्षे पूर्ण वेळ, तिथे राहून करावा लागतो. तो फार समृद्ध अनुभव आहे, पण आजच्या घडीला तुमच्या घराला तो झेपणारा नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ साली प्राथमिक शिक्षणातील एम.ए. सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना काही आठवडे मुंबईत येऊन उरलेला अभ्यास आपल्या गावी करता येत असे. त्या संस्थेच्या अभ्यासक्रमांचे स्वरूप वेळोवेळी बदलत आले आहे, तेव्हा यंदाचे पत्रक पाहा. आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात गणित आणि विज्ञान मुले कशी शिकतात यावर अनेक वर्षे संशोधन चालले आहे. पदवीचा विचार बाजूला ठेवूनही तिथले साहित्य तुम्ही वाचावे.

माझे मत विचाराल, तर येत्या जूनमध्ये मुलाची शाळा, तुमची नोकरी आणि तुमची पदवी ही तिन्ही एकदम हलवू नका. तिन्ही एकाच दोरीला बांधली, की एक गाठ सुटली तरी बाकीची ओढली जातात. मुलाला घरी करमेनासे झाले तर तुमचा अभ्यास बिघडेल. परीक्षा जवळ आल्या की तुम्ही त्याच्यावर चिडाल. आणि पगार बंद झाल्यामुळे या सगळ्यात माघार घेणेही कठीण होईल. राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजेचा अर्ज लेखी द्या. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या नियमावलीत रजेच्या तरतुदी आहेत, त्या वाचून मगच मुख्याध्यापकांकडे जा.

मुलासाठी मी तुमच्या जागी असते, तर एप्रिलपर्यंत तपासणी उरकली असती, आणि दरम्यान वर्गशिक्षिकांना हात जोडून सांगितले असते की आता त्याची वही मला दाखवू नका. महिन्यातून एकदा, इतर पालकांसारखी, मी ठरल्या वेळी भेटायला येईन. त्याच्या वह्या त्याच्या बाबांनी पाहिल्या तर आणखी चांगले. मे महिन्याच्या सुट्टीत काहीही शिकवू नका, पण तो दिवस कसा घालवतो याची रोज चार ओळींची नोंद ठेवा. जूनमध्ये शक्य असेल तर त्याला दुसऱ्या शाळेत घाला, जिथे त्याची आई शिकवत नाही. गावातली जिल्हा परिषदेची शाळाही त्यासाठी पाहा, तिथला एखादा चांगला गुरुजी अशा मुलाला कसा खुलवतो हे मी अनेकदा पाहिले आहे. तिथेही सहामाहीपर्यंत तो असाच मिटलेला राहिला, तर घरी शिकवण्याचा निर्णय निर्धास्तपणे घ्या. तेव्हा तुमच्या हातात तपासणीचा अहवाल असेल, त्याच्या सुट्टीच्या नोंदी असतील, आणि रजेचा प्रश्न सुटलेला असेल. त्या वर्षी पदवीची नोंदणी करू नका. मुलाची घडी बसल्यावर, एका वर्षाने, दूरस्थ एम.ए.ला सुरुवात करा. छत्तीसाव्या वर्षी सुरू केले काय आणि अडतिसाव्या वर्षी केले काय, अपूर्णांकांचा तुमचा प्रश्न तोपर्यंत कुणी सोडवून टाकणार नाही.

तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली, तर वरचा क्रम थोडा बदलेल. मग शाळेत सवलती मिळतात का आणि नियमित विशेष शिक्षक जवळपास उपलब्ध आहे का, यावर शाळा की घर हे ठरवावे लागेल, आणि त्याला शिकवणारी व्यक्ती आई सोडून दुसरी कुणी असावी हा माझा आग्रह तेव्हा आणखी वाढेल. आईकडे फक्त त्याची गोष्ट ऐकण्याचे काम असू द्या.

तुमच्यासारखी पत्रे मला अलीकडे पुष्कळ येतात, आणि त्यांतल्या बहुतेक आया स्वतः शिक्षिका असतात. त्या सगळ्यांना एकच विचारावेसे वाटते, की मुलाला घरी न्यायचे आहे ते त्याला विसावा मिळावा म्हणून, की शाळेत आपण हरलो असे वाटते म्हणून? दोन्ही भावना खऱ्या असू शकतात. पण दुसरीचा इलाज मुलाच्या हातून करून घेऊ नये.

सासूबाईंबद्दल तुम्ही थोड्या रागाने लिहिले आहे. त्यांचे ते वाक्य बोचणारे आहे, यात शंका नाही. पण ताई, दर महिन्याला नऊ वर्षांच्या नातवाच्या हिशोबावर विश्वास ठेवून दूधवाल्याला पैसे मोजणारी ती एकच व्यक्ती तुमच्या घरात आहे. तिने त्याला कधी मांडणी विचारली नाही, पायऱ्या विचारल्या नाहीत, शेजारचा मुलगा किती वेळात करतो हेही सांगितले नाही. घरी शिकवणे म्हणजे काय, हे त्यांना पटवून देण्याआधी त्या ते कसे करतात हे पाहा. येत्या पहिल्या तारखेला आजी-नातू कॅलेंडर काढून बसतील, तेव्हा तुम्हीही त्यांच्याशेजारी बसा. जवळ वही नको, लाल पेन नको. तो बोट फिरवत जे काही पुटपुटेल ते ऐकून घ्या, आणि तो खेळायला गेल्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे एका कागदावर उतरवा. तपासणीला जाल तेव्हा प्रगतिपुस्तकाच्या जोडीला तो कागदही घेऊन जा.